डब्यावर सगळं लिहिलेलं असतं

गावाचं नाव सांगत नाही. जिंतूरच्या अलीकडे, काळ्या रानातलं, कापसाचं गाव एवढं पुरे. नाव घेतलं तर तिथली चार माणसं अजूनही भांडायला उठतील, आणि भांडणात ती कधी मागे नव्हती.

गोष्ट धुरपताबाईची. बाई भीमनगरातली. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर वस्तीनं हे नाव घेतलं आणि वेशीजवळ पाटी लावून निळ्या रंगात लिहिलं, पण गावानं ते काही तोंडी बसवून घेतलं नाही. वीस वर्षं झाली तरी गाव जुन्याच नावानं हाक मारायचं. नाव बदलणं या मुलखात कधी स्वस्त नव्हतंच.

धुरपता चौथी पास होती. चौथी पास बाई त्या वेळी भीमनगरात सोडाच, गढीवरच्या घरांतही शोधून सापडली नसती. "बाबासाहेबानं सांगितलंय, पोरीला शाळंत घाला," असं तिचा बाप म्हणायचा, आणि त्यानं घातली. मग लग्न होऊन ती सटवाजीच्या घरी आली, आणि चार इयत्ता पाटीसकट आढ्याला गेल्या. सटवाजी व्यंकटरावांकडे सालगडी. व्यंकटराव म्हणजे ऐंशी एकरांचे धनी, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

सटवाजीच्या हाताला एक कसब होतं. फवारणी. कापसावर अळी पडली की एंड्रिनचे डबे यायचे, आणि पाठीवर पंप बांधून सटवाजी रानात उतरायचा. वारा कुठून आहे हे बघून ओळ धरावी ती त्यानंच. पण नोझल तुंबलं की सगळ्यांसारखंच तोही करी. ते काढून तोंडात धरायचं, जोरात फुंकायचं, थुंकायचं, बिडी पेटवायची आणि पुढच्या ओळीला लागायचं. जीभ बधिर व्हायची, थोडं गरगरायचं. डब्यावर तांबडा त्रिकोण होता, कवटी होती, आणि भोवताली चिकटवलेल्या कागदावर बारीक बारीक इंग्रजी होतं. ते कोण वाचणार? इंग्रजी वाचून कुणाचा कापूस वाढल्याचं गावानं तोवर पाहिलं नव्हतं.

पंचाहत्तर सालच्या भाद्रपदात, पोळा होऊन आठ दिवस झाले असतील, सटवाजी भर दुपारी रानातून घरी आला. तो दुपारी कधी येत नसे. दाराची चौकट धरून म्हणाला, "धुरपते, मला कसंतरीच व्हायलंय." आणि तिथंच बसला. तोंडाला फेस, हातापायाला झटके.

सटवाजीची आई चांगुणाबाई ओरडली, "दूध आण! तूप आण! इख उतरंल!"

साप चावो, धोतऱ्याचं बी पोटात जावो, नाहीतर औषध जावो, आपल्याकडे उतारा एकच. दूध आणि तूप. आजीनं आईला सांगितलं, आईनं लेकीला, आणि कुणी कधी विचारलं नाही की कोण वाचलं. धुरपताच्या घरी दुधाचा थेंब कुठला? ती लोटा घेऊन पळत व्यंकटरावांच्या मागच्या दारी गेली. मालकीण पार्वतीबाई जेवायला बसल्या होत्या, तशाच उष्ट्या हातानं उठल्या. हात धुऊन त्यांनी दुधाचं अख्खं भगुणं लोट्यात ओतलं, वरून, हात लागू न देता, आणि वर वाटीभर तूप घातलं. "पळ," म्हणाल्या. एवढ्या मोकळ्या हातानं त्या घरानं भीमनगराला कधी काही दिलं नव्हतं.

धुरपतानं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन सगळा लोटा त्याला पाजला. घोट घोट. तो पिईना तर दातखीळ बोटानं सोडवून पाजला. जरा वेळ तो निवला असं वाटलं. मग जे झटके आले, ते दोन माणसांना आवरेनात. बैलगाडीतून सडकेपर्यंत, तिथून जीपमधून परभणी. दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचेपर्यंत खेळ संपला होता.

डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. धुरपतानं येताना एंड्रिनचा डबा बरोबर आणला होता, कशाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. डॉक्टरनं विचारलं, "काय काय पाजलं?" तिनं सांगितलं. त्यानं डबा हातात घेतला, फिरवला, कागदावरचं वाचलं, आणि डबा खाली ठेवला. "डब्यावर सगळं लिहिलेलं असतं, बाई," एवढंच म्हणून तो पुढच्या खाटेकडे गेला.

हे वाक्य तिच्या घरात शिरलं ते गेलंच नाही.

डबा तिनं कोनाड्यात ठेवला, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. गावात रिकामे डबे कुणी टाकत नसत. धुऊन रॉकेलला, परसाकडच्या पाण्याला, कशालाही वापरत. चांगुणाबाई म्हणायची, "त्या मेल्या डब्यात राकेल तरी भर." धुरपता भरू द्यायची नाही. रोज दिवा लावताना तिची नजर त्या कागदावर जायची. मुंग्यांच्या रांगा लागाव्यात तशी अक्षरं. त्यात काय होतं? औषध कसं मारायचं ते? की माणूस कसा वाचवायचा ते? डॉक्टर काय वाचून गप्प झाला?

शाळेत तात्याराव मास्तर होते, पाथरीकडचे. एकटेच राहत. धुरपता शाळेचं आवार झाडायची, त्याचे महिन्याला थोडे पैसे मिळत. एक दिवस तिनं डबा पदराखाली नेला आणि मधल्या सुट्टीत त्यांच्यापुढे ठेवला. "गुरुजी, यवढं वाचून सांगा."

मास्तरांनी डबा उचलला. सुरुवातीचं वाचलं, खालचं वाचलं. मग डबा हातात तसाच धरून ते बराच वेळ मैदानातल्या पोरांकडे बघत राहिले.

"अक्षर फार बारीक आहे," म्हणाले. "चष्मा लागलाय मला. दिसत नाही."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

धुरपता काही दूधखुळी नव्हती. पण वर तोंड करून मास्तरला खोटं पाडायची तिची पायरीही नव्हती. ती म्हणाली, "मंग मला शिकवा. मीच वाचते."

"दोन-तीन वर्षं लागतील."

"लागू द्या. गेलेलं मानूस कुटं वाट बगायलंय?"

मास्तर भला माणूस, आणि भला माणूस भित्रा असला की काय होतं ते पुढे कळेलच. त्यांनी शिकवायचं कबूल केलं. ते व्हरांड्यात खुर्चीवर, ती खालच्या पायरीवर, आणि सगळं उघड्यावर, पोरांच्या देखत, म्हणजे गावाच्या जिभेला काम नको. पहिले महिने ते पाटी पायरीवर ठेवायचे आणि ती उचलून घ्यायची. पुढे केव्हातरी पाटी हातातून हातात जाऊ लागली. दोघांनीही त्यावर कधी शब्द काढला नाही.

आधी अक्षरं. मग रोज पाच शब्द. वहीचं पान मधोमध दुमडायचं, डाव्या अंगाला इंग्रजी, उजव्या अंगाला मराठी. उजवी बाजू झाकून डावी म्हणायची, मग डावी झाकून उजवी. खुरपताना ती तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, आणि बायका म्हणायच्या, नवरा गेल्यापासून धुरपतीला लागीर झालंय. शब्द ती कुठूनही उचलायची. खताच्या पोत्यावरून, काडेपेटीवरून, दवाखान्यातल्या पुडीवरून, किराणा बांधून आलेल्या इंग्रजी पेपरच्या चिठोऱ्यावरून. जिंतूरच्या बाजारात तिनं एक जुना खिशातला शब्दकोश घेतला, त्यासाठी दोन कोंबड्या विकल्या. चांगुणाबाई आठ दिवस बोलली नाही.

सहाशे शब्द झाल्यावर ती डबा घेऊन बसली आणि पहिल्याच ओळीला आपटली. कीप आऊट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन. त्यातले शब्द तिला बहुतेक येत होते. ठेवणे, बाहेर, मुलं. तिनं अर्थ लावला की डबा उघडायचा असेल तेव्हा पोरांना घराबाहेर ठेवा. म्हणून तिनं आपल्या चार वर्षांच्या लेकीला, कुसुमला, अंगणात काढलं, दार लावलं, आणि मग वाचायला बसली. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. दोन वर्षांत मास्तर माणसासमोर हसताना तिला पहिल्यांदाच दिसले.

"अगं, मुलांचा हात पोचणार नाही तिथं ठेवा, असं आहे ते. शब्द म्हणजे माणसं नव्हेत का? माणूस एकटा भेटला तर एक असतो, जमावात भेटला तर निराळाच. शब्दाला एकटं गाठून विचारू नको. त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघ. वाक्य तीनदा वाच. एकदा तोंडानं, एकदा बोटानं, आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून आपल्या भाषेत स्वतःला सांग. सांगता आलं तर कळलं."

माणसं जमावात निराळी असतात, हे मास्तर जे सहज बोलून गेले, ते आठवायचे दिवस लांब नव्हते.

एक मात्र तिच्या ध्यानात आलं. मास्तर तिला धडे वाचून दाखवायचे, पेपर वाचून दाखवायचे, अर्ज लिहायला शिकवायचे. डब्याचा विषय निघाला की मात्र त्यांना घंटा वाजवायची आठवण व्हायची. डब्यावरचा अवघड शब्द तिनं विचारला की म्हणायचे, "तो राहू दे. पुढं येईल." त्यांना तिनं तिथवर पोचावं असं वाटत होतं की पोचूच नये, हे तिला कधी कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

अठ्ठ्याहत्तरच्या जून महिन्यात ती पोचली. पेरण्या झाल्या होत्या. ढग भरून आले होते आणि घरात अंधारलं होतं म्हणून ती उंबऱ्यात बसली. खालच्या चौकटीतली ओळ. तोंडानं वाचली: डू नॉट गिव्ह मिल्क, ऑइल्स ऑर फॅट्स. बोटानं वाचली. मग डोळे मिटले.

विष पोटात गेलं असेल तर दूध देऊ नका. तेल देऊ नका. तूप देऊ नका.

डोळे तिनं उघडले नाहीत. मांडीवर डोकं होतं, बोटानं सोडवलेली दातखीळ होती, घोट घोट उतरणारा लोटा होता. तिनं नवऱ्याला वाचवायला जे केलं होतं, त्यानंच तो गेला होता. निदान लवकर गेला होता. आत चांगुणाबाई पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. "काय वाचायलीस गं?" तिनं आतून विचारलं. "काई न्हाई, आत्याबाई," धुरपता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांपुढे उभी राहिली. "तुमाला म्हाईत व्हतं."

"होतं," मास्तर म्हणाले. "ते औषध तेला-तुपात विरघळतं. दुधातली सायही त्याला पुरते. पोटात स्निग्ध गेलं की ते अंगात भरभर भिनतं."

"मंग काहून सांगितलं न्हाई?"

"सांगून सटवाजी परत आला असता का? तू मात्र जन्मभर जळत राहिली असतीस."

ती घरी आली, आणि तिनंही तेच केलं जे मास्तरांनी केलं होतं. गप्प बसली. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? दूध देऊ नका म्हटलं की कुणीतरी विचारणारच, तुला कसं ठाऊक. मग सासूला कळणार, वस्तीला कळणार की सटवाजीला बायकोनंच पाजलं. कागदावरची गोष्ट तिनं छातीत घातली आणि वरून माती लोटली. दीड महिना. या दीड महिन्याचा हिशोब तिनं पुढे स्वतःला कधी माफ केला नाही.

जुलैच्या सत्तावीस तारखेला मुंबईत ठराव झाला. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. भीमनगरात रेडिओभोवती माणसांनी उड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी उड्या थांबल्या. एसटी बंद झाली. नांदेडकडे, परभणीकडे वस्त्या जळाल्याच्या बातम्या पायी चालत येऊ लागल्या. विद्यापीठ कशाला म्हणतात हे गावातल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं, पण त्याचं नाव बदललं तर आपलं नाक जाणार हे सगळ्यांना पक्कं समजलं होतं. चावडीत बैठक बसली आणि भीमनगरावर बहिष्कार पडला. गिरणीत दळण नाही, दुकानात मीठ नाही, रानात रोज नाही. बोलेल त्याला दंड. मास्तर रजेचा अर्ज टाकून पाथरीला निघून गेले. जाताना धुरपताला भेटले नाहीत.

ऑगस्टात कापसावर अळी पडली. सटवाजी गेल्यावरही दरवर्षी भीमनगरातलीच माणसं फवारायची. यंदा त्यांना बोलवायचं नव्हतं. अळीला ठरावाशी देणंघेणं नव्हतं, ती पानं खात सुटली. शेवटी व्यंकटरावांचा मुलगा दत्तराव, चोवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला, स्वतः पाठीला पंप बांधून उतरला. जन्मात पंप न धरलेला माणूस. उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडी. भीमनगराच्या कडेनंच ते रान होतं. धुरपता आडव्या बांधावरून बघत होती. त्यानं नोझल काढलं, तोंडात धरलं आणि फुंकलं. परत ओढलं, परत फुंकलं.

"मालक, तोंडात धरू नगा!" ती ओरडली.

दत्तरावानं वळून पाहिलं आणि तोंड फिरवलं. बोलणाऱ्याला दंड होता.

ऊन कलायच्या आत आरडाओरड ऐकू आली. धुरपता उठली तशी चांगुणाबाईनं तिचा हात धरला. "तू जाऊ नको. त्यो जगला तर त्याह्यच्या नशिबानं, आन मेला तर तुह्या नावानं. वस्ती जाळतील, धुरपते."

सासूचं एक अक्षर खोटं नव्हतं. धुरपता हे जाणूनच गेली.

व्यंकटरावांच्या ओसरीवर पन्नास माणसं असतील. मधे दत्तराव, तोंडाला फेस, हातापायाला झटके. तेच. डबा खांबाशी पडला होता, तोच त्रिकोण, तीच कवटी. आणि पार्वतीबाई मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या, हातात दुधाचा मोठा गडू. वर तूप तरंगत होतं.

जमाव फाटला तो आश्चर्यानं. त्या पायऱ्या भीमनगरातलं कुणी कधी चढलं नव्हतं. धुरपता चढली. "मालकीण, दूध देऊ नगा. त्याह्यचे कापडं काढा, साबनानं धुवा, गाडी जुपा आन परभनीला न्या. पर दूध देऊ नगा."

"कोण गं तू सांगणारी?" व्यंकटराव गरजले.

"डब्यावर लिहिलंय." तिनं डबा उचलला आणि वाचायला सुरुवात केली. इंग्रजीत, मोठ्यानं, बोट ठेवून. त्या ओसरीवर इंग्रजी पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं, तेही तिच्या तोंडून. एक-दोघं हसले. गडू पार्वतीबाईंच्या हातात थांबला होता. ती बाई धुरपताकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता, विश्वास ठेवायची घाई होती.

"तुला कशावरून ठावं, धुरपते?" पार्वतीबाईंनी विचारलं. "खरं सांग. कशावरून?"

हाच तो क्षण होता. मी पाजलं होतं, असं तिनं म्हणायला हवं होतं. माझा नवरा असाच माझ्या मांडीवर गेला, दूध पिऊन गेला. एवढं म्हटलं असतं तर आईनं आईचं, निदान बाईनं बाईचं ऐकलं असतं. पण जमावात कुठेतरी चांगुणाबाई येऊन उभी होती, सुनेमागं धावत आलेली. धुरपतानं तिच्याकडे पाहिलं.

"डब्यावर... लिहिलंय," ती पुन्हा म्हणाली.

"हिला इंग्रजी येतंय! हिच्या बापानं शिकवलं व्हतं का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "सूड घ्यायलीय! दूध तोडायलीय पोराचं!" व्यंकटरावांनी तिच्या हातातल्या डब्याला लाथ घातली. डबा ओसरीवरून गडगडत पायऱ्या उतरला. पार्वतीबाईंनी गडू मुलाच्या ओठाला लावला.

दत्तराव सडकेपर्यंतही पोचला नाही.

आणि गावानं काय ठरवलं असेल? धुरपतीनं मधे येऊन बोलण्यात वेळ घालवला, दूध उशिरा पोटात गेलं, म्हणून पोरगं गेलं. हे ऐकून हसावं की कपाळ फोडून घ्यावं! दुसऱ्या दिवशी भीमनगराच्या दोन गंजी पेटल्या. पोलिसांची गाडी आली म्हणून घरं वाचली. पेटलेल्या गंजींपुढच्या गर्दीत उभी राहून धुरपताला मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. सांगून सटवाजी परत आला नसता, खरं आहे. पण तीन वर्षांत ती गोष्ट घराघरात झाली असती, चुलीपाशी बायका बोलल्या असत्या, आणि दत्तरावाच्या आईचा हात आपोआप थांबला असता. मास्तरांनी दया केली होती. तिनं लाज राखली होती. दोन्हींची किंमत एका पोरानं भरली.

ती सासूला आणि कुसुमला घेऊन जिंतूरला गेली. बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या एका दुकानात तिला झाडलोटीचं काम मिळालं. पण झाडू हातात फार दिवस राहिला नाही. गिऱ्हाईकानं डबा उचलला की ही आडवी यायची. "थांबा, मालक. वाचून दावते." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, आधी इंग्रजी, मग आपल्या भाषेत. फुंकायचं न्हाई. दूध न्हाई, तूप न्हाई. वाऱ्याकडं पाठ ठेवा. दुकानदार वैतागायचा, "बाई, तू औषध विकायलीस का भ्या दाखवायलीस?" पण बाजाराच्या दिवशी लांबलांबचे लोक डबा घेऊन तिच्याकडेच यायचे, काही तर दुसऱ्या दुकानातून घेतलेला. डबे वाचणारी बाई, असं तिचं नाव पडलं. एंड्रिन पुढे सरकारनं बंद केलं, दुसरी औषधं आली, त्यांचे कागद निराळे. तिच्या वह्या अकरा झाल्या. चांगुणाबाई गेली, तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. कुसुम शिकली, नर्स झाली. 'मीच पाजलं होतं' हे एक वाक्य मात्र धुरपतानं कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव अखेर बदललं. सोळा वर्षांनी. जिंतुरात बंदोबस्त होता, दुकानं अर्धी फळी टाकून. पाच-सहा दिवसांनी एसटी सुरळीत झाल्यावर एक म्हातारी दुकानाच्या दाराशी येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी.

"धुरपताबाई," ती म्हणाली.

त्या तोंडून आजवर धुरपते, धुरपती, एवढंच आलं होतं. धुरपता खताच्या पोत्यावरून उठली. "मालकीण, बसा."

पार्वतीबाई बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून डबा काढला. गंजलेला, एका बाजूनं चेपलेला, कागद पिवळा पण शाबूत. तो पायऱ्यांवरून गडगडलेला डबा.

"कनगीमागं ठिवला व्हता. मालक व्हते तवर काढायची सोय न्हवती, ते गेले औंदा. घरात शिकलेली पोरं हायती आता. पर त्याह्यच्या तोंडून मला ऐकायचं न्हाई." त्यांनी डबा पुढे केला. "त्या दिशी तू म्हनलीस, लिहिलंय. मला सोळा वर्सं झोप न्हाई. खरंच लिहिलं व्हतं, का आमच्यावरच्या रागानं म्हनलीस? रागानं म्हनली असशील तर सांग. मी तुला काई म्हननार न्हाई. मला बरंच वाटंल."

धुरपतानं डबा हातात घेतला. तिला आता खरोखरच चष्मा लागला होता, आणि तो कमरेच्या पिशवीत होता. अक्षर बारीक हाय, दिसत न्हाई, हे शब्द तिच्या जिभेवर आपसूक आले. किती सोपे होते! म्हातारी उरलेले दिवस झोपली असती. मास्तरांना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते तिला पहिल्यांदा समजलं, आणि त्यांचा राग गेला.

तिनं चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. खालची चौकट, ती ओळ. सावकाश वाचली, मग मराठीत सांगितली. पार्वतीबाई आता बसल्या, जमिनीवरच.

धुरपताही त्यांच्याशेजारी खाली बसली. "मालकीण, तुमी तवा इचारलं, कशावरून. मी बोलले न्हाई. तवाच बोलाया पायजे व्हतं." तिनं डबा दोघींच्या मधे ठेवला. "सटवाजीला मीच पाजलं व्हतं. माह्या हातानं. दात उघडून पाजलं."

दुकानाबाहेर एक जीप थांबली, माणसं उतरली, गेली.

"दूध माह्या घरचं व्हतं," पार्वतीबाई म्हणाल्या. "दोनीबी येळा."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं, डबा मांडीवर ओढून घेतला आणि त्या मुंग्यांच्या रांगांवर वाकली.

"दूध कुटं लिहिलंय? मला दाव."

धुरपतानं तिचा हात धरला. सुरकुतलेला, थंड हात. एक बोट सोडवून तिनं त्या चार अक्षरांवर टेकवलं. "हे. मिल्क."

"मिल्क," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि बोट त्यांनी तिथून उचललं नाही.